रंगाचाही खातेक्रमांक असतो

फाल्गुनात कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाताना निष्पर्ण फांद्यांवर पेटलेला पळस पाहून, ‘हाच रंग आपल्या दुकानाला शोभेल’ असे एखाद्या व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अडचण पुढेच येते. ‘केशरी’ एवढेच सांगितले, तर पाटी रंगविणारा एक केशरी लावतो, पिशव्या छापणारा दुसरा आणि लग्नसराईची जाहिरात करणारा तिसरा. एकाच पेढीचे तीन चेहरे ग्राहकापुढे जातात आणि ओळख काही पक्की होत नाही.

बँकेत नावे सारखी असली तरी खातेक्रमांक निराळा असतो. संगणकाने रंगालाही असाच क्रमांक दिला आहे. छायाचित्र असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा प्रकाश किती, हे ० ते २५५ या अंकांत नोंदलेले असते. त्यातून १,६७,७७,२१६ छटा संभवतात. चित्ररचनेच्या संगणक प्रणालीत ‘ड्रॉपर’ नावाचे साधन असते. ते फुलाच्या पाकळीवर टेकविले की तिचा क्रमांक मिळतो. समजा, लाल २२६, हिरवा ८८, निळा ३४ असे उत्तर आले. हीच आपल्या केशरीची नोंद.

मात्र एकाच ठिपक्यावर विसंबू नये. पाकळीवरील चकाकी अथवा सावली फसविते. म्हणून आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी घ्यावी. संध्याकाळच्या उन्हात सारेच पिवळसर होते, त्यामुळे सकाळच्या स्वच्छ प्रकाशातील मूळ छायाचित्र वापरणे उत्तम.

संपूर्ण चित्रातून आपोआप रंग काढण्याच्याही रीती आहेत. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडलेल्या रीतीत सर्व रंगांची जणू एक पेटी कल्पून, तिच्या सर्वांत लांब बाजूवर ठिपक्यांची संख्या समान होईल असा छेद दिला जातो. पुन्हा पुन्हा छेद देऊन शेवटी प्रत्येक लहान पेटीतील रंगांची सरासरी काढतात. येथे एक मेख आहे. चित्रात आकाश व सुके गवत पुष्कळ आणि फुले थोडी असतील, तर संख्येच्या बळावर गवत जिंकते आणि पळस हरवतो. अशा वेळी निवड डोळ्यानेच करावी.

पळसाच्या एका चित्रातून पाकळीचा केशरी, पुष्पकोशाचा गडद तपकिरी, खोडाचा राखाडी आणि गवताचा फिका पिवळसर असे चार रंग सहज मिळतात. चारही सारख्या प्रमाणात वापरू नयेत. सजावटकार ६०, ३० व १० असे प्रमाण मानतात: फिका रंग पार्श्वभूमीला, गडद अक्षरांना आणि केशरी केवळ लक्ष वेधण्यापुरता.

अक्षरांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कोहमारा मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले आहे. धावत्या वाहनातून पाटी क्षणभरच दिसते आणि ग्राहकांत वयोवृद्धही असतात. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे. वरील केशरीवर पांढरी अक्षरे घेतल्यास ते सुमारे ३.७ भरते, काळी घेतल्यास ५.७. पांढरे अक्षर अधिक देखणे वाटले, तरी हिशेब काळ्याच्या बाजूने आहे.

छपाईपूर्वी नमुना कागदावर अवश्य पाहावा. पडद्यावर रंग प्रकाशाने घडतो, कागदावर चार शाईंनी. म्हणून पडद्यावरचा झळाळता केशरी कागदावर मंद उतरू शकतो. हजारो पिशव्यांच्या खर्चापेक्षा एका नमुन्याचा खर्च नगण्य आहे.

आणखी एक सावधगिरी. रंग फुलाकडून घ्यावेत, शेजारच्या पेढीच्या वेष्टनावरून नव्हे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात रंगसंगतीचाही चिन्हाच्या व्याख्येत समावेश आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी दुसऱ्याच्या ओळखीवर आपला व्यवहार चालविणे पेढीच्या लौकिकाला शोभत नाही.

निवडलेल्या रंगांचे क्रमांक आणि मंजूर केलेला छापील नमुना दुकानाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा. उद्या पाटी रंगविणारा बदलेल, छापखाना बदलेल, गल्ल्यावर पुढची पिढी बसेल. तरीही दुकानाचा केशरी तोच राहील.