अर्ध्यावर थांबलेलं वाचन

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि तो वाचण्याचा शब्द घेतला. टिळकांनी शब्द पाळला. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाङ्मयाच्या इतिहासात ही हकिकत साधारण इथे संपते. पुढची हकिकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितली आणि धर्मांतराची गोष्ट एका घराची गोष्ट झाली.

बायबल घरात कसं उतरतं, हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं साधन नाही. प्रवचनांच्या पुस्तकांत कुटुंब नेहमी सुखी असतं. बाप वचन वाचतो, आई डोळे मिटते, मुलं ओळीने बसतात. टिळकांच्या घरात असं काही नव्हतं. एकाला पटलं होतं, दुसरीला पटलं नव्हतं आणि मधे त्यांचा लहान मुलगा दत्तू होता.

ज्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं, त्यातच येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन उभा असताना भावाचं आपल्याशी वाकडं आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा. पण त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तोच येशू म्हणतो की आपल्यामुळे मुलगा बापाविरुद्ध आणि मुलगी आईविरुद्ध उभी राहील, घरातलीच माणसं वैरी होतील. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात नव्याने ख्रिस्ती झालेल्या प्रत्येक माणसाला हा दहावा अध्याय पाठ होता, कारण तो त्याच्या अंगावरून गेला होता. जातीने टाकलं, भावांनी टाकलं, बायकोला माहेरच्यांनी घेऊन गेले, अशा आठवणी या काळातल्या मराठी ख्रिस्ती आत्मवृत्तांत वारंवार भेटतात. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ त्यांतलंच.

सरकारने यावर कायदेशीर तोड काढली होती. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा 1866 साली आला. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने जोडीदाराने सोडून दिलं, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. या कायद्यामागे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय स्पष्ट दिसतो: विश्वास न ठेवणारा जोडीदार आपणहून निघून गेला तर त्याला जाऊ द्यावं. मात्र पौल त्याच्याआधी आणखी काही सांगतो. तो किंवा ती नांदायला तयार असेल, तर विश्वासणाऱ्याने सोडू नये. कायद्याने दुसरा भाग घेतला, टिळकांनी पहिला. त्यांनी लग्न मोडून घेतलं नाही. वाट पाहिली, पत्रं लिहिली, पुन्हा पुन्हा भेटीची खटपट केली. धर्मांतरानंतर वेगळ्या राहिलेल्या लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपलं सोवळं बरोबर घेऊनच. त्यांचं खाणंपिणं वेगळं राहिलं आणि टिळकांनी ते राहू दिलं.

मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नवा धर्म घेतलेला, कवी, तापट, घाईच्या स्वभावाचा माणूस. त्याने घरातल्या एका माणसाच्या मताला हवा तितका वेळ दिला. पुढे जातिभेद माणसांनीच केलेला आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या. आधी त्यांनी विटाळ सोडला आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळांच्या घरी तो उलटा झाला: बाप्तिस्मा आधी झाला, विटाळ मागे रेंगाळला. ख्रिस्तात ना यहुदी ना हेल्लेणी, ना दास ना स्वतंत्र, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन भिंतीवर लावलेल्या घरातसुद्धा सोयरीक जुळवताना मूळ जातीची चौकशी हळू आवाजात होतेच. ती चौकशी करणारे बहुधा मंडळीचे जुने सभासद असतात, नवखे नव्हेत.

टिळकांचं घर नंतर धर्मशाळाच झालं. दुष्काळातली अनाथ मुलं आली, पाहुणे आले, तरुण बालकवी ठोमरेही काही काळ या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत हसत लिहिलं आहे, पण हसण्याखाली हिशेब आहे. दानशूरपणा नवऱ्याचा आणि पीठ मळायचं बायकोने. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या पायाशी बसलेली मरीया आणि कामाने वैतागलेली मार्था, या बहिणींची गोष्ट आहे. तिच्यावर प्रवचन करणारे बहुधा मार्थेला दोन शब्द सुनावून मोकळे होतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर मार्थेची बाजू घ्यावीशी वाटते. शास्त्रातही ती बाजू आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे अशी पळवाट काढणाऱ्यांना येशू फटकारतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर घरच्यांची तरतूद न करणारा हा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट ठरवला आहे. मंडळीच्या कमिट्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या पुरुषांपुढे हे वचन फारसं वाचलं जात नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. घरात वचन वाचायचं, तर ते घरच्या बोलीत हवं. गोव्यात 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जुना आणि नवा करार मिळून अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, तीच सवय स्टीफन्सनी वापरली. रविवारी आणि सणावारी हे पुराण वाचलं जाई. 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापलं गेलं. पुढे हस्तलिखितांतून टिकलं आणि 1907 साली मंगळूरला पुन्हा छापून आलं. त्याच्या दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट होता. खिळे जुळवण्याचं, छापण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. रमाबाई 1922 साली वारल्या. त्यांचं बायबल 1924 साली पूर्ण छापून निघालं.

रमाबाईंची एक गोष्ट कुटुंबाच्या विषयात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडाले. काय मानायचं हे मी शास्त्र वाचून ठरवीन, तुम्ही सांगता म्हणून नव्हे, असा त्यांचा पत्रांतला सूर आहे. मुलगी मनोरमा कशी वाढवावी हाही त्या वादातला एक विषय होता. वेषही त्यांनी बदलला नाही, शाकाहारही सोडला नाही.

कॅथलिक घरांत चित्र वेगळं होतं. वसईच्या वाड्यांवर संध्याकाळी कुटुंबाने मिळून जपमाळेची प्रार्थना करायची रीत जुनी; पण बायबल हाती घेऊन घरी वाचण्याला खरा जोर आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ते मराठी वाचकाच्या कपाटात ख्रिस्तीतर घरांतही नेलं. त्याला 2013 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता सगळ्यात जास्त वापरल्या आणि सगळ्यात कमी वाचल्या जाणाऱ्या उताऱ्याकडे येऊ. इफिसकरांस पत्र, अध्याय पाचवा. लग्नात हा हमखास असतो. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे बाविसावं वचन ख्रिस्ती नसलेल्या वऱ्हाड्यांनाही ऐकून माहीत झालेलं असतं. एकविसावं मात्र गळतं, आणि त्यात सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलं आहे. पुढे बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत आणि नवऱ्यांना त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यांचा मतलब असा की ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसं प्रेम कर. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला मुलांना आईबापांची आज्ञा पाळायला सांगितलं आहे. ते संडेस्कूलमध्ये पाठ करून घेतात. त्यानंतर चौथ्याच वचनात बापांना बजावलं आहे की मुलांना चिडीस आणू नका. हे पाठ केलेला बाप मला अजून भेटायचा आहे.

ही वचनं ज्या रोमन जगात लिहिली गेली, तिथे घरधन्याचा अधिकार अफाट होता. कायद्याने मुलांच्या जिवावरही बापाची सत्ता होती. घर कसं चालवावं यावर ॲरिस्टॉटलपासून लिहिलं गेलं होतं, पण ते घरधन्याला उद्देशून. पत्रलेखक बायकोशी, मुलांशी, गुलामांशी थेट बोलतो आणि धन्यालाही मर्यादा घालतो. गुलामगिरी तो मोडत नाही, हेही खरं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्या काळच्या ऐकणाऱ्यांत दचकला असेल तो बाप. आज त्याच वचनांनी बाप निर्धास्त होतो, याचं कारण वाचन अर्ध्यावर थांबतं आणि ते नेमकं दुसऱ्याला उद्देशून असलेल्या ओळीवर थांबतं.

अशा अर्ध्या वाचनाची किंमत बायकांनी कोर्टातही मोजली. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर तिला सुटका नव्हती. येशूने मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात घटस्फोटाबद्दल जे कडक शब्द वापरले, ते बायकोला सहज सूटपत्र देणाऱ्या पुरुषांसंबंधीच्या प्रश्नावर होते. कायद्याने भार नेमका उलट्या बाजूला टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1997 साली प्रगती वर्गीस खटल्यात ही विषम अट रद्द केली. संसदेने कायदा बदलला तो 2001 साली. म्हणजे एकशे बत्तीस वर्षं गेली. त्या दुरुस्तीला चर्चमधून पाठिंबा मिळाला हे नोंदवायला हवं, आणि तो फार उशिरा मिळाला हेही.

वारशाच्या बाबतीत कायदा ख्रिस्ती मुलींच्या बाजूने आधीपासून बरा आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं आपल्याकडे सर्व धर्मांत चालतं, ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट आहे. बाप गेला, भाऊ नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा मोशेसमोर सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहिल्या आणि बापाचं वतन मागितलं. मोशेने देवाला विचारलं. उत्तर आलं, मुली योग्य बोलतात. संडेस्कूलच्या चित्रपुस्तकांत दावीद आणि गल्याथ सापडतात, या पाचजणी क्वचितच. त्याच पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात कुळातल्या पुरुषांनी तक्रार केली आणि मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट पडली, हेही पुढे आहेच.

या दिवाळीच्या किंवा येत्या नाताळच्या सुटीत भावंडं एकत्र जमतील आणि जमिनीच्या, फ्लॅटच्या वाटणीचा विषय निघेल. घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला वचन निवडण्याचा मान तुमच्याकडे असेल, तर गणनाचा सत्ताविसावा अध्याय निवडा, छत्तिसावाही सोडू नका, आणि तो मोठ्याने वाचायला बहिणीला सांगा. हक्कसोडपत्राचा कागद त्यानंतर काढा, काढायचाच असेल तर.