आगीच्या दाराआडचे अँकर

भिवंडीच्या निजामपुऱ्यात काय किंवा शहरातल्या यंत्रमागाच्या इतर कुठल्याही गल्लीत काय, कानावर पडतो तो मागांचा खडखडाट. पण मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला एका वेगळ्याच कारखान्यातून जावे लागते. त्याला इथे सगळे सायझिंग म्हणतात. शेकडो, कधी हजारो धागे एकमेकांना लगटून गरम खळीच्या कुंडातून काढायचे, रुळांत पिळायचे, वाफेने तापलेल्या मोठ्या पिंपांवरून फिरवून वाळवायचे आणि बीमवर गुंडाळायचे. साधा यंत्रमागसुद्धा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा फेकतो. खळ न दिलेला धागा त्या घासाघाशीत तग धरत नाही. खळ शिजवायला वाफ लागते, सूत वाळवायलाही वाफच लागते. म्हणून सायझिंग म्हटले की बॉयलर आलाच, आणि बॉयलरच्या तोंडाशी लोखंडी दार उघडून लाकडे आत सारणारा फायरमनही आला.

या बॉयलरमध्ये वाफेचा दाब, पाण्याची पातळी, सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, आणि ते असायलाच हवे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. देशभरासाठीचा कायदा १९२३ चा होता, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. हा सगळा इतिहास दाबाचा आहे. मला लिहायचे आहे ते दाब नसलेल्या एका भागाबद्दल, म्हणजे त्या लोखंडी दाराच्या आतल्या बाजूबद्दल. कारण फायरमन दिवसभर उभा राहतो तो त्याच्यासमोर.

बॉयलरच्या ज्या पत्र्याच्या पलीकडे पाणी आहे, त्याला आगीची फारशी भीती नसते. सात ते नऊ किलो दाबाला वाफेचे तापमान १७० ते १८० अंश असते. पाणी उष्णता ओढून घेत राहते, त्यामुळे पत्रा त्या आकड्याच्या फार वर जात नाही. दाराच्या मागे मात्र पाणी नाही. एका अंगाला जळत्या लाकडांची हजार अंशांच्या आसपासची आग, दुसऱ्या अंगाला माणूस आणि मधे एक पोलादी पत्रा. साध्या पोलादाची निम्मी ताकद ५५० ते ६०० अंशांतच जाते. म्हणून दाराला, भट्टीच्या मागच्या भिंतीला, धुराच्या वळणांना आतून अस्तर द्यावे लागते. ते कुठे फायरब्रिकचे असते, कुठे कास्टेबलचे म्हणजे आग सोसणाऱ्या काँक्रीटचे, तर कुठे पांढऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे.

कास्टेबलमधले सिमेंट बांधकामाचे नसते. ते कॅल्शियम आणि ॲल्युमिना यांचे असते. ज्यूल बिए नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेही भट्टीसाठी नव्हे, तर सल्फेटच्या पाण्यात न कुजणारे काँक्रीट हवे होते म्हणून. आगीतला त्याचा टिकाऊपणा पुढे कामी आला. हे काँक्रीट दाबाखाली पक्के असते, ओढले की मात्र तडकते. उभ्या दारावर किंवा भट्टीच्या छतावर ते नुसते थापले तर स्वतःच्याच वजनाने सुटून पडेल. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. कारवीच्या काठ्या आत नसतील तर शेणामातीचा लेप उभा राहत नाही. भट्टीत कारवीचे काम अँकर करतात. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस सळईचे इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखे वाकवलेले हे तुकडे पत्र्याला वेल्ड करतात, आणि मग त्यांच्याभोवती कास्टेबल ओततात. काम संपले की अँकर दिसत नाही. पुढे कित्येक महिने कोणाला दिसतही नाही.

हा तुकडा किती विचित्र जागी राहतो, ते आकड्यांत पाहू. अस्तर १५० मिलिमीटर जाड धरा. आतला पृष्ठभाग १००० अंश, बाहेरचा पत्रा ८० अंश. म्हणजे अस्तरातून बाहेर येताना दर मिलिमीटरला सुमारे सहा अंश उतरतात. अँकरचे टोक आगीपासून २५ मिलिमीटर आत ठेवले तर ते साधारण ८५० अंशांवर असते आणि त्याचे मूळ ८० अंशांवर. बोटाच्या दीडपट लांबीच्या एकाच सळईचे एक टोक लाल आहे आणि दुसरे चहाच्या पेल्याइतके गरम. यंत्रांच्या जगात इतक्या थोड्या जागेत इतका फरक सोसणारे भाग कमीच.

म्हणून अँकरचा धातू निवडताना भट्टी किती तापते एवढेच विचारून भागत नाही. टोक कुठे आहे, हे विचारावे लागते. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे ३०४ जातीचे स्टेनलेस साधारण साडेआठशे अंशांपर्यंत निभावते. २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेलचे ३१० त्याच्या वर, हजार-अकराशेपर्यंत. त्याहून वर गेलात तर निकेलचे मिश्रधातू, आणि मग चिनी मातीच्या जातीचे अँकर. आपल्या हिशेबातले टोक ८५० वर आहे, म्हणजे ३०४ अगदी काठावर. अस्तर झिजून दोन सेंटिमीटर कमी झाले की ते काठ ओलांडते. भावातला फरक पाहून ३०४ घेणारा मालक नव्या अस्तराचा हिशेब करतो, झिजलेल्या अस्तराचा करत नाही. माझ्या मते खरी चूक तिथेच होते.

स्टेनलेस तापल्यावर टिकते ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण तो प्राणवायूला आत जाऊ देत नाही. त्याच्यावर घाव घालणाऱ्या गोष्टी इंधनातून येतात. फर्नेस ऑइल किंवा पेटकोकमध्ये गंधक भरपूर असते. गंधक आणि निकेल एकत्र आले की ६५० अंशांच्याही खाली वितळणारे मिश्रण तयार होते. म्हणून ‘जास्त निकेल म्हणजे जास्त भारी’ हा बाजारातला समज तिथे उलटा पडतो. लाकडात आणि शेतातल्या भुशापासून दाबून केलेल्या पांढऱ्या कोळशात गंधक नगण्य, पण राखेत पोटॅशियम असते. ते क्लोरिनच्या जोडीने क्रोमियमच्या थराला पोखरते. भिवंडीत सायझिंगच्या भट्ट्यांतून चिंध्या आणि प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. त्यांत पीव्हीसी असेल तर क्लोरिन हवे तेवढे मिळते. त्याच्या धुराने आधी वस्तीतल्या लोकांची छाती भरते, हे तर सर्वात वाईट. पण तोच वायू अस्तराच्या भेगांतून आत शिरून अँकरही खातो.

असा खाल्लेला अँकर हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. मुळाशी तो नव्यासारखा चकचकीत, वेल्डचा निळसर डागही शाबूत. मधोमध तपकिरी. टोकाकडे काळा, पापुद्रे सुटलेला, सहाचा चार मिलिमीटर झालेला. कधी मात्र जाडी पुरेपूर असते, पापुद्रेही नसतात, आणि तरीही हातोडीचा हलका ठोका बसताच टोक कट्कन तुटते. हे काम सिग्मा नावाच्या अवस्थेचे. साधारण ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात ३१० सारखे स्टेनलेस दीर्घकाळ राहिले की त्यातले लोह आणि क्रोमियमचे अणू एका कठीण, ठिसूळ संयुगात जाऊन बसतात. गरम असेपर्यंत धातू थोडाफार लवतो, थंड झाला की लवत नाही. भट्टी पेटती असताना जे धरून होते, ते बंद केल्यावर पडते. सुट्टीनंतर दार उघडले आणि अस्तराचा ढलपा खाली पडलेला दिसला, तर तो सुट्टीत पडला असला तरी त्याची तयारी कित्येक महिने चालली होती असे समजावे.

लहान भट्टीचे दुखणे इथेच वेगळे होते. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांतही याच जातीचे अँकर लागतात, पण तिथली मोठी भट्टी पेटली की महिनोन्‌महिने पेटलेली राहते. सायझिंगचा बॉयलर आठवड्याच्या सुट्टीला थंड होतो, सणाला थंड होतो, सूत आले नाही की थंड होतो. प्रत्येक वेळी धातू आणि कास्टेबल आपापल्या मापाने आकसतात. स्टेनलेस कास्टेबलच्या सुमारे तिप्पट फुगते. आपल्या सव्वाशे मिलिमीटरच्या अँकरसाठी हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. ऐकायला क्षुल्लक, पण कास्टेबलला तडा जायला तेवढा पुरतो. त्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. ओतण्याआधी अँकरच्या टोकांना प्लास्टिकची टोपी घालायची किंवा डांबराचा हात मारायचा. पहिल्या आगीत ते जळून जाते आणि टोकाला फुगायला जागा उरते. ही टोपी काही रुपयांची असते, आणि घाईच्या कामात सर्वात आधी तीच विसरली जाते.

विसरण्याजोग्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक वेल्डिंगची. स्टेनलेसचा अँकर साध्या पत्र्याला जोडायचा तर ३०९ जातीचा रॉड लागतो. हाताशी होता म्हणून साधा रॉड वापरला तर जोड ठिसूळ होतो आणि अँकर मुळातच उखडतो. दुसरी अँकरच्या मांडणीची. सगळे व्ही एकाच दिशेला तोंड करून लावले तर त्यांच्या टोकांच्या रेषेत कास्टेबल सरळ चिरते. म्हणून शेजारचा अँकर काटकोनात फिरवायचा. छतावर ते जवळ जवळ लावायचे, कारण तिथे सगळे वजन त्यांच्यावरच लटकते. भिंतीवर थोडे दूर चालतात.

ओतून झाल्यावरचा धीर तर याहूनही दुर्मीळ. कास्टेबलमध्ये मिसळलेल्या पाण्याचा काही भाग रासायनिक बंधात अडकतो, काही छिद्रांत. ते हळूहळू तापवूनच बाहेर काढावे लागते. शंभराच्या थोडे वर थांबायचे, साडेतीनशेच्या आसपास थांबायचे, मग पुढे जायचे. पण दारात बीम खोळंबलेले असतात, मागवाला फोनवर फोन करत असतो आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी पूर्ण पेटते. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि अस्तर आतून फुटते. अशा वेळी अँकर कितीही भारी असला तरी त्याच्या हातात उरतात ते तुकडे.

सिरॅमिक ब्लँकेटचा हिशेब थोडा निराळा. हा मऊ, पांढरा थर हलका असतो, लवकर तापतो, लवकर निवतो आणि तडकत नाही. पत्र्यावर वेल्ड केलेल्या पिनांवर तो खोचतात आणि वरून खाचेची चकती घालून पाव फेरा फिरवून अडकवतात. इथे पिनेचे टोक आणि चकती थेट आगीसमोर येतात, झाकायला काहीच नाही. म्हणून घड्या घालून दाबलेले चौकोनी ठोकळे निघाले. त्यांचा अँकर पत्र्याजवळ, थंड बाजूला लपलेला असतो, त्यामुळे साधे स्टेनलेसही पुरते. धातू न बदलता नुसती जागा बदलून प्रश्न सोडवला, हे मला या क्षेत्रातले सर्वात देखणे काम वाटते.

धातूची पिन उष्णता बाहेरही नेते. चौरस मीटरला सहा मिलिमीटरच्या सोळा पिना धरल्या तर त्यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्रफळाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. पण स्टेनलेस त्या ब्लँकेटच्या शंभरेक पट उष्णता वाहते. ढोबळमानाने चार-साडेचार टक्के उष्णता एवढ्या पिनांतूनच निसटते. म्हणून जास्त पिना म्हणजे जास्त सुरक्षितता, असेही नाही. आणि अस्तरच ढासळले तर हे आकडे फिके पडतात. दाराचा पत्रा ६० अंशांवर असताना चौरस मीटरमागे सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर पडते, १०० अंशांवर सुमारे ९००. ती उष्णता लाकडाच्या बिलात येते, आणि मे महिन्यात त्या दारासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते.

त्याच माणसासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. जुने अस्तर फोडताना अँकरभोवती किंवा इन्सुलेशनवर पिवळट डाग किंवा पूड दिसली तर ती झटकू नये, फुंकर मारू नये. स्टेनलेसमधले क्रोमियम राखेतल्या पोटॅशियमशी किंवा इन्सुलेशनमधल्या कॅल्शियमशी मिळून क्रोमेट बनते, आणि ते विषारी, कर्करोगकारक असते. दीर्घकाळ तापलेल्या सिरॅमिक ब्लँकेटच्या धुळीत क्रिस्टोबलाइट हा फुप्फुसाला घातक सिलिकाही असतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ गाळणारा मास्क, हातमोजे आणि फोडण्याआधी पाण्याचा फवारा एवढे तरी हवेच. ब्लँकेटचा उरलेला तुकडा घरी चुलीभोवती लावायला नेऊ नये.

बॉयलरची वर्षाची तपासणी असते तेव्हा भट्टी थंड असते, दारे उघडी असतात. तपासनीस प्रामुख्याने दाबाचे भाग पाहतो. मालकाने त्याच दिवशी अस्तराकडे बघावे. कास्टेबलवर लाकडी मोगरीने ठोकत जावे. भरीव आवाज आला तर अस्तर पत्र्याला धरून आहे, पोकळ आला तर मागचा अँकर सुटला आहे. जिथे अस्तर काढले असेल तिथला प्रत्येक उघडा अँकर हातोडीने ठोकावा. चांगला वेल्ड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. नवा अँकर घेताना धातूची जात, टोकाची खोली आणि दोन अँकरमधले अंतर कागदावर लिहून मागावे, आणि तो कागद कपाटात नव्हे, बॉयलरच्या रजिस्टरमध्ये लावावा, म्हणजे पुढच्या वर्षी दार उघडेल तेव्हा किती झिजले हे मोजता येईल.