मातीखालचं बालपण

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये हौसेनं आणलेलं टॅरँटुला कोळ्याचं पिल्लू दोन-तीन आठवडे दिसेनासं झालं, की पाळणारा हवालदिल होतो. बहुतेक वेळा पिल्लू ठणठणीत असतं, मातीखाली.

त्याचं खणणं बघत राहावं असं असतं. जबड्यांनी माती उकरायची, रेशमानं तिची गोळी बांधायची, ती तोंडाशी धरून बाहेर टाकायची. मग बिळाला रेशमाचं अस्तर. एवढ्याशा देहातलं पाणी भराभर उडतं, म्हणून ओलसर माती त्याला जगवते. कात टाकण्याआधी ते अनेकदा बिळाचं तोंड बुजवून घेतं. कात टाकल्यावर सुळे पांढरे, मऊ असतात. तेव्हा खाऊ म्हणून सोडलेला रातकिडाच त्याचा जीव घेऊ शकतो. अशा वेळी बीळ उकरून पाहणं क्रूरच.

महाराष्ट्रातले हेटेरोफ्रिक्टस हे टॅरँटुला जमिनीतच राहतात; प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी ही प्रजाती १९०० साली नोंदवली. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया रेगॅलिस या टॅरँटुलाची पिल्लंसुद्धा लहानपणी माती उकरतात. पोसिलोथेरिया २०१९पासून वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा जंगलातून उचललेलं पिल्लू घेऊच नये.

पाळलेल्या पिल्लाच्या डब्यात मात्र खणता येईल इतका मातीचा थर हवा आणि एक कोपरा कायम ओला.