कण्या आणि पेज : अन्ननामांचा एक अर्थविचार

अन्नाची नावे सामान्यतः दोन प्रकारे पडतात : काही धान्यावरून, तर काही त्या धान्यावर केलेल्या क्रियेवरून. पनवेल-उरण भागातील न्हावा-शेवा हा मुलूख पूर्वापार भातशेतीचा व मिठागरांचा. तेथील घरगुती स्वयंपाकातील ‘पेज’ व ‘कण्या’ ही नावे दुसऱ्या प्रकारची आहेत. त्यांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

‘पेज’ हा शब्द संस्कृत ‘पेया’पासून प्राकृत ‘पेज्जा’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. ‘शय्या’पासून ‘सेज’ झाला, तोही याच वाटेने. मूळ अर्थ ‘पिण्याजोगी’ एवढाच. त्यात धान्याचा निर्देश नसल्यामुळे पेज तांदळाची असू शकते, तशी नाचणीचीही. ‘आंबील’ हे नावही ‘अम्ल’, म्हणजे आंबटपणा, यावरूनच पडले आहे. ‘कणी’चा संबंध ‘कण’ शब्दाशी उघड आहे. भात कांडताना जो तांदूळ मोडतो, ती कणी. सुपात पाखडल्यावर तूस, कोंडा, कणी आणि अखंड तांदूळ अशी प्रतवारी होई. अखंड तांदळाला मोल अधिक. कणी घरच्या पेजेसाठी राही. देशावर ज्वारी भरडूनही कण्याच होतात. ‘विदुराघरच्या कण्या’ या प्रयोगात दारिद्र्य आणि जिव्हाळा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्याच्या कण्या शिजवून खातात. त्यांना ‘ग्रिट्स’ म्हणतात. मका हे धान्य युरोपास १४९२ नंतर परिचित झाले. ‘ग्रिट्स’ हा शब्द मात्र इंग्रजीत त्याहून फार जुना असून त्याचा अर्थ भरडलेले धान्य असा होता. नव्या धान्याबरोबर कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून ‘मेझ’ आणि व्हर्जिनियातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून ‘हॉमिनी’ हे शब्द इंग्रजीत आले; परंतु भरडण्याच्या क्रियेला जुनेच नाव पुरले. ‘कॉर्न’ म्हणजे कोणतेही धान्य. अमेरिकेत त्याचा अर्थ संकोचून मका एवढाच उरला. कोकणात ‘भात’ हा शब्द शेतातील पिकाला व पानातील अन्नाला सारखाच लागतो, तोही प्रमुख धान्याच्या अशाच प्रभुत्वामुळे. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यावर भातशेती होई आणि ती गुलाम आफ्रिकी लोकांच्या श्रमावर चाले. तेथेही अखंड तांदूळ बाजारात जाई व कणी श्रमिकांच्या वाट्यास येई. त्या तांदळाच्या कणीलाही ‘ग्रिट्स’च म्हणतात.

यावरून एक अनुमान निघते. क्रियेवरून पडलेले नाव धान्य बदलले तरी टिकते. क्रिया लोपली म्हणजे मात्र त्याचा आधार सुटतो. न्हावा-शेवा येथे गिरणीने उखळ-मुसळ आधीच मागे सारले होते. पुढे बंदरासाठी जमिनी गेल्या आणि १९८९ साली बंदर सुरू झाले. कणी आजही दुकानात मिळते. परंतु तूस, कोंडा, कणी ही एकाच कामातून उमलणारी शब्दमालिका घरात घडेनाशी झाली आहे. एखादा शब्द कोशात राहील. त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेले त्याचे नाते मात्र कोश सहसा जपत नाही. म्हणून आगरी बोलीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दयादी करून थांबू नये. ज्या वृद्ध स्त्रियांनी स्वतः भात कांडले आहे, त्यांच्याकडून ती संपूर्ण क्रिया क्रमवार, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.