समुद्रावरचे कान

हर्णै, मिरकरवाडा किंवा मुंबईचा ससून डॉक अशा एखाद्या बंदरात गेलात, तर तिथल्या मासेमारी नौकांकडे नीट पाहा. केबिनच्या छपरावर किंवा डोलकाठीच्या टोकाला एक बारीक, उभी काठी दिसेल. ती काठी म्हणजे अँटेना. तिच्या खाली केबिनमध्ये एक लहानशी पेटी असते. ते बिनतारी यंत्र. खलाशी त्याला 'व्हीएचएफ सेट' म्हणतात.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइल फोन चालत नाही. शिवाय फोनवरचे बोलणे एकाच माणसाला ऐकू जाते. बिनतारी यंत्रावरची हाक मात्र आसपासच्या सगळ्या नौका एकाच वेळी ऐकू शकतात. म्हणून संकटात हे यंत्र फार उपयोगी पडते. ते नौकेवर कसे बसवतात, ते आपण पाहू.

प्रथम वीज हवी. हे यंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. लाल तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी तार ऋण टोकाला जोडतात. लाल तारेत, बॅटरीच्या जवळच, फ्यूज बसवतात. काही बिघाड होऊन जास्त वीज वाहू लागली, तर फ्यूज वितळतो आणि आगीचा धोका टळतो. बॅटरी नौकेच्या तळाशी ठेवू नये. नौकेत पाणी शिरले, तर ते आधी तळाशी साचते. बॅटरी बुडाली, की नेमक्या गरजेच्या वेळी यंत्र मुके होते.

आता अँटेना. ती उंच का बसवतात? या यंत्राच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे क्षितिजाच्या पलीकडे त्या फारशा पोचत नाहीत. अँटेना 4 मीटर उंच असेल, तर तिचे क्षितिज सुमारे 8 किलोमीटरवर असते. तीच 9 मीटर उंच नेली, तर ते अंतर सुमारे 12 किलोमीटर होते. दोन नौकांच्या अँटेना 9 मीटर उंचीवर असतील, तर दोन्ही अंतरांची बेरीज करायची. म्हणजे त्या सुमारे 24 किलोमीटरवरून एकमेकींशी बोलू शकतात.

अँटेना आणि यंत्र एका जाड केबलने जोडतात. केबलच्या जोडात खारे पाणी शिरले, तर जोड गंजतो आणि हाक दूर जात नाही. म्हणून जोडावर पाणी आत न जाऊ देणारी पट्टी घट्ट गुंडाळतात. अँटेना न जोडता माइकचे बटण दाबू नये. त्याने यंत्र बिघडू शकते.

यंत्रात एक छोटा स्पीकर असतोच. पण इंजिनाच्या धडधडीत त्याचा आवाज कोण ऐकणार? म्हणून आणखी एक मोठा स्पीकर बसवतात. तो बसवताना एक काळजी घ्यावी लागते. स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. स्पीकर होकायंत्राजवळ आला, तर होकायंत्राची सुई वळते आणि चुकीची दिशा दाखवते. अशी नौका वाट चुकून खडकावरही जाऊ शकते! म्हणून खिळे ठोकण्याआधी स्पीकर त्या जागी नुसता धरून पाहावा. सुई जराही हलली, तर दुसरी जागा शोधावी.

यंत्र बसले. आता ते वापरायचे कसे? संकटाच्या हाकेसाठी जगभर 16 क्रमांकाचे चॅनल ठरलेले आहे. तिथे गप्पा मारायच्या नसतात. नौका बुडू लागली, आग लागली किंवा माणसांच्या जिवाला धोका निर्माण झाला, तर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारायचा. मग नौकेचे नाव, ठिकाण, काय घडले आणि नौकेवर किती माणसे आहेत, ते सांगायचे. नंतर माइकचे बटण सोडायचे. बटण दाबलेले असेपर्यंत समोरच्याचे उत्तर ऐकू येत नाही.

पण हाक मारली, तरी ती ऐकणारा कोणी हवा. 1912 साली 'टायटॅनिक' हे मोठे जहाज हिमनगावर आदळले. त्याने बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. दूरवरच्या 'कार्पेथिया' जहाजाने ती हाक ऐकली आणि धाव घेऊन सुमारे 700 लोकांना वाचवले. 'कॅलिफोर्नियन' नावाचे जहाज तर त्याहून पुष्कळ जवळ होते. पण त्यावरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी यंत्र बंद करून झोपला होता. त्या रात्री सुमारे 1500 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस बिनतारी संदेश ऐकत राहण्याचे नियम झाले.

तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा काका समुद्रावर जात असतील. त्यांना विचारा, "आपल्या नौकेवरचा सेट चालू असतो ना?" समुद्र शांत असला, आपण सुखरूप असलो, तरी सेट बंद करू नये. कदाचित त्याच वेळी दुसरे कोणी आपल्याला हाक मारत असेल.