शंकेवर चढाचा उतारा

पहिली अर्धमॅरेथॉन, म्हणजे 21.0975 किलोमीटर, धावू पाहणाऱ्या वाईकराला समोर पसरणीचा घाट दिसला की ‘आपल्याला जमेल का?’ हा प्रश्न पडतोच. त्यातून साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा चढ आहेच. अशा वेळी मित्र ‘मनात आणलं की होतं’ म्हणतात. हा धीर फार टिकत नाही. आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेलं काम, असं मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्येच मांडलं. शरीरही असंच शिकतं. अंतर बेताबेताने वाढवलं की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंची दमछाक लांबणीवर पडते. आज मेणवलीपर्यंत धावून परतलेला माणूस उद्याच्या शंकेला पुरावा दाखवू शकतो.

यावर कोणी म्हणेल, धावायला अंगचीच देणगी लागते. माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, त्याला देणगी लागलीच असेल. पण शर्यत पुरी करणं वेगळं. मग शंका मोडीतच काढायची? छातीत दुखत असेल तर मुळीच नाही; तेव्हा आधी डॉक्टर. बाकी चढावर दम लागला तर खुशाल चालावं. नियमांत त्याला बंदी नाही.