निवासवाहनातील उपग्रह दूरचित्रवाणी

झोपणे, स्वयंपाक, स्नान इत्यादींची सोय असलेल्या मोटारवाहनास किंवा मोटारीमागे जोडून नेण्याच्या गाडीस निवासवाहन म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात अशा वाहनांचा प्रसार मोठा असून अनेक निवृत्त कुटुंबे हिवाळ्याचे महिने त्यांतून दक्षिणेकडील राज्यांत काढतात. मुक्काम बदलला तरी कृत्रिम उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहता यावेत, यासाठी वाहनावर किंवा वाहनाशेजारी बसविण्यात येणाऱ्या सामग्रीचा व तिच्या मांडणीचा विचार येथे केला आहे.

इतिहास : १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एच्. टेलर हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या घरी उपग्रहाचे संकेत ग्रहण केले. केवळ ग्रहण करणाऱ्या केंद्रांस परवाना घेण्याची सक्ती अमेरिकेत १९७९ मध्ये दूर झाली. त्या काळी वापरात असलेल्या ४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतांसाठी २ ते ३ मी. व्यासाची थाळी लागे. ती प्रवासात बाळगणे गैरसोयीचे होते. १९९४ मध्ये अधिक शक्तीच्या उपग्रहांवरून १२·२ ते १२·७ गिगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात थेट घरोघरी अंकीय प्रक्षेपण सुरू झाले. त्यास ४६ सेंमी. व्यासाची थाळी पुरत असल्याने निवासवाहनात ही सोय करणे सुकर झाले.

तत्त्व : भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. घराच्या छपरावरील थाळी त्यामुळे एकदाच रोखावी लागते. निवासवाहनाची थाळी मात्र प्रत्येक मुक्कामी नव्याने रोखावी लागते. दिगंश (खऱ्या उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वर मोजलेला कोन) या दोन कोनांनी थाळीची दिशा निश्चित होते. उदा., १०१° पश्चिम रेखांशावरील उपग्रहाचा दिगंश मायामी येथे सु. २२१° व उन्नतांश सु. ५२° असतो, तर सिॲटल येथे ते अनुक्रमे सु. १५२° व ३१·५° असतात. म्हणजे एकाच उपग्रहासाठी एका शहरी नैर्ऋत्येकडे व उंच, तर दुसऱ्या शहरी आग्नेयेकडे व बरेच खाली पहावे लागते.

होकायंत्र वापरताना चुंबकीय दिक्पात विचारात घ्यावा लागतो. सिॲटल येथे तो सु. १५° पूर्व असल्याने होकायंत्रावर १३७° ची दिशा धरावी लागते. मायामी येथे तो सु. ७° पश्चिम असल्याने २२८° ची. ४६ सेंमी. थाळीच्या शलाकेची कोणीय रुंदी या कंप्रतांना सु. ३·५° असते. त्यामुळे दिक्पाताकडे दुर्लक्ष केल्यास थाळी उपग्रहापासून पूर्णपणे ढळते. वाहनाच्या लोखंडी भागांजवळ होकायंत्राची सुई विचलित होत असल्याने वाचन काही अंतरावरून घ्यावे लागते.

घटक : अन्वस्तीय थाळी तरंग एकत्र करून केंद्रस्थानी बसविलेल्या परिवर्तकावर परावर्तित करते. व्यवहारात एलएनबी या नावाने ओळखला जाणारा हा घटक क्षीण संकेतांचे विवर्धन करतो व त्यांची कंप्रता ९५० ते १,४५० मेगॅहर्ट्‌झपर्यंत उतरवितो. मूळ पद्धतीत ग्राहीकडून समाक्ष केबलमधूनच परिवर्तकास विद्युत् पुरवठा होतो. दाब १३ व्होल्ट असता दक्षिणावर्ती, तर १८ व्होल्ट असता वामावर्ती वर्तुळाकार ध्रुवणाचे संकेत निवडले जातात. थाळीवर अनेक उपग्रहांसाठी परिवर्तकांची जोडणी असल्यास ती संपूर्ण जोडणी स्थानानुसार तिरपीही करावी लागते.

निवासवाहनात मूळचे जे तारकाम असते ते बहुधा भूस्थित केंद्रांच्या कार्यक्रमांसाठी असते. त्यातील विवर्धक व विभाजक ९५० मेगॅहर्ट्‌झवरील कंप्रता किंवा परिवर्तकास लागणारा एकदिश प्रवाह पुढे जाऊ देतीलच असे नाही. संकेत न मिळण्याचे हे एक नेहमीचे कारण असून थाळीपासून ग्राहीपर्यंत ७५ ओहमची स्वतंत्र केबल टाकणे हा त्यावर खात्रीचा उपाय होय.

प्रकार : मांडणीचे तीन मुख्य प्रकार आहेत. (१) तिपाईवरील थाळी सर्वांत स्वस्त असून वाहन सावलीत उभे करून थाळी मोकळ्या जागी ठेवता येते; परंतु ती दर वेळी हाताने रोखावी लागते. (२) छपरावरील उघडी, घडीची थाळी चलित्रांच्या साहाय्याने स्वतः उपग्रह शोधते. ती वाहन थांबल्यावरच उभारता येते. (३) घुमटाकार आवरणातील लहान थाळी वाऱ्यापासून सुरक्षित राहते. तिच्या काही प्रकारांत वाहन चालू असतानाही उपग्रहाचा मागोवा घेतला जातो. मात्र थाळी लहान असल्याने व आवरणावर पाणी साचल्याने पावसात संकेत लवकर तुटतो.

स्थापना : दक्षिणेकडील आकाश मोकळे असलेली जागा निवडणे ही पहिली पायरी होय. थाळी जमिनीपासून १ मी. उंचीवर आहे असे मानल्यास २० मी. उंचीचे झाड सिॲटल येथे ३१ मी. पेक्षा, तर मायामी येथे १५ मी. पेक्षा अधिक अंतरावर असावे लागते. नंतर तिपाई समतल करून तिचा दांडा अचूक उभा करतात. दांडा कललेला असल्यास उन्नतांशाची मोजपट्टी निरुपयोगी ठरते व थाळी वळविताना ती वरखालीही होत राहते. उन्नतांश ठरवून थाळी गणित केलेल्या दिगंशाच्या दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवितात. संकेत मिळाल्यावर तो ज्या दोन ठिकाणी क्षीण होतो त्यांचा मध्य साधून थाळी पक्की करतात. ग्राहीने उपग्रहाची ओळख पटविणे आवश्यक असते. कारण शेजारच्या उपग्रहाचाही जोरदार संकेत मिळू शकतो. शेवटी तिपाईस वजन टांगून किंवा खुंट्यांनी ताणून ती वाऱ्यापासून सुरक्षित करतात.

वीजपुरवठा : मुक्कामाच्या तळावर वीज नसल्यास १२ व्होल्टच्या विद्युत् घटमालेवर अवलंबून रहावे लागते. ग्राही व दूरचित्रवाणी संच मिळून १०० वॉट शक्ती लागत असल्यास परिवर्तनातील व्यय धरून सु. १० अँपिअर प्रवाह खर्च होतो. चार तासांत ही खपत ४० अँपिअर-तास होते. शिसे-अम्ल घटमाला निम्म्याहून अधिक रिकामी करणे हितावह नसल्याने १०० अँपिअर-तास क्षमतेची घटमाला एका संध्याकाळीच जवळजवळ उपयोगापलीकडे जाते.

मर्यादा व दक्षता : स्थानिक वाहिन्या अरुंद शलाकांतून ठराविक प्रदेशापुरत्या प्रक्षेपित होत असल्याने वाहन काही शे किमी. दूर गेल्यावर त्या दिसेनाशा होतात. अशा वेळी दूरच्या शहरातील राष्ट्रीय जालांच्या वाहिन्या पाहण्याची मुभा अमेरिकेतील कायद्याने निवासवाहनांना दिली असून २०१९ च्या दुरुस्तीतही ती कायम राहिली. त्यासाठी थाळी वाहनाला कायमची जोडलेली असल्याचे व ती स्थिर निवासात वापरणार नसल्याचे स्वाक्षरीचे निवेदन आणि वाहनाच्या नोंदणीची प्रत द्यावी लागते. तिपाईवरील थाळीला ही सवलत मिळत नाही. खरेदीपूर्वीच हा भेद ध्यानात घेणे इष्ट असते. विषुवदिनांच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे आल्याने काही दिवस रोज काही मिनिटे ग्रहण खंडित होते. तो सामग्रीचा दोष नव्हे.

छपरास पाडलेली भोके नीट बंद न केल्यास पाणी झिरपून लाकडी सांगाडा कुजतो. थाळी उभारताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून दूर रहावे, गडगडाटी वादळात केबल काढून ठेवावी आणि वाहन हलविण्यापूर्वी थाळी खाली घेतल्याची खात्री करावी. उभी राहिलेली थाळी झाडाच्या फांदीस किंवा पुलास धडकल्यास थाळीबरोबर छपराचेही नुकसान होते.

सु. ५५० किमी. उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहसमूहांद्वारे मिळणारी इंटरनेट सेवा २०२२ पासून निवासवाहनांसाठी उपलब्ध झाली असून तिच्यामार्फतही दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहता येतात. या सेवेत आकाशक एकाच बिंदूवर रोखावा लागत नाही. मात्र त्यास आकाशाचा विस्तृत भाग खुला लागतो. भूस्थिर उपग्रहासाठी झाडांमधील एखादी योग्य फटही पुरेशी ठरते, हा दोन्ही पद्धतींतील व्यावहारिक फरक होय.